मोठ्या आईचे हात

आमच्या वाईच्या घरात सकाळची वेळ मोठ्या आईच्या बोटांवरून कळायची. पाचला बंब पेटायचा आणि पहिलं घंगाळभर कढत पाणी तिच्यासाठी काढलं जायचं. आंघोळीला नाही, हात बुडवून बसायला. मागच्या पडवीत पाटावर बसून ती दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत पाण्यात धरायची आणि गप्प राहायची. आम्ही पोरं राखुंडीनं दात घासत आजूबाजूला घुटमळायचो. पाणी निवलं की माझी आई तांब्याभर नवं ओतायची. हळूहळू करंगळी हलायची, मग तिच्या शेजारची बोटं, अंगठा सगळ्यांत शेवटी. मूठ अर्धीमुर्धी मिटायला लागली की ती म्हणायची, "आली गं बोटं ठिकाणावर." तोवर साडेसहा वाजून गेलेले असायचे. आमची शाळा सातची. तिची बोटं उघडली की दप्तरं उचलायची, हा आमचा हिशेब कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

मोठी आई म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. घरातली सगळी पोरं तिला याच नावानं हाक मारायची. माझा जन्म 1961 चा. मला कळायला लागलं तेव्हापासून तिची बोटं करंगळीच्या बाजूला कललेलीच पाहिली आहेत, वाऱ्यानं एका अंगाला निजलेल्या जोंधळ्यासारखी. मधल्या बोटाचं पेर उलट्या बाजूला वाकलेलं, अंगठा इंग्रजी झेडसारखा. लहानपणी मला वाटायचं, मोठ्या आईचे हात असेच असतात. तिच्या नाकात जशी मोत्यांची नथ तसे तिचे ते हात.

माझ्या आईनं पाहिलेले हात वेगळे होते. आई या घरात लग्न होऊन आली तेव्हा चैत्रात वाळवणाच्या शेवया मोठी आईच वळायची. रव्याचा उंडा तेलपाण्यानं मळून, बोटांत ताणत ताणत ती असा काही धागा काढायची की शेजारपाजारच्या बायका पाहायला यायच्या. चातुर्मासात लक्ष वाती लावायच्या असल्या की कापूस तिच्याकडे यायचा. फुलवात वळताना तिचा अंगठा आणि तर्जनी इतकी चटचट फिरायची की नजर ठरायची नाही, असं आई सांगायची. 1956 साली तिसऱ्या मुलाच्या बाळंतपणानंतर तीन महिन्यांत तिच्या हातापायांचे सांधे सुजले. "बाळंतपणात वारं लागलं," असं सगळ्यांनी ठरवलं. बाळंतपणानंतर हा आजार डोकं वर काढतो हे खरंच आहे, पण त्याचा वाऱ्याशी संबंध नाही, हे कळायला आमच्या घराला पुढची पंचावन्न वर्षं लागली.

आजाराला तेव्हा नाव होतं. वैद्यांनी नाडी पाहून सांगितलं, आमवात. हा शब्द माधवनिदानाइतका जुना, म्हणजे हजार वर्षांहून जुना. सुंठीच्या काढ्यातून एरंडेल, सिंहनाद गुग्गुळ, महानारायण तेल, निगडीच्या पाल्याचा शेक, तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी, चुलीतली वीट फडक्यात गुंडाळून, हातात तांब्याचं कडं. इतकी वर्षं गेली तरी निगडीच्या पाल्याचा वास आला की मला ती पडवी दिसते. डॉक्टरांकडून ॲस्प्रिनच्या गोळ्या असायच्या. ती एकदा म्हणाली होती, "कानात घणघण वाजायला लागलं की समजायचं, आता गोळी पुरे." मला ते तिचं बोलणं वाटलं होतं. पुढे वाचनात आलं की त्या काळी या आजारात ॲस्प्रिनचा डोस कान वाजेपर्यंत वाढवायची खरोखरच पद्धत होती.

मग बाजारच्या दिवशी एक माणूस पुड्या विकायला बसायचा, त्याच्याकडून कुणीतरी एक पुडी आणून दिली. पांढरी भुकटी, वर काळसर काहीतरी मिसळलेलं. तिसऱ्या दिवशी मोठी आई स्वतःहून जिना चढून माडीवर आली. घरभर आनंद झाला. काकांनी त्या माणसाला धोतरजोडी दिली. महिन्या-दोन महिन्यांत तिचा चेहरा गोल झाला, गाल वर आले, आणि बायका म्हणायला लागल्या, "वहिनींनी अंग धरलं." त्या पुडीत स्टेरॉइड असणार, हे आज मी खात्रीनं म्हणते. तो गोल चेहरा दुसऱ्या कशाचा नव्हता. ती पुडी आमच्या घरात सात-आठ वर्षं टिकली. त्या काळात तिची हाडं ठिसूळ झाली, पाठीचे मणके चेपले आणि उंची दोन बोटं कमी झाली. पुडी संपली की दुखणं दुपटीनं यायचं, म्हणून पुन्हा पुडी.

त्या माणसाला दोष देऊन मी मोकळी होत नाही. साऱ्या जगालाच स्टेरॉइडनं असं दिपवलं होतं. 1948 च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच या डॉक्टरांनी अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिसोनची इंजेक्शनं दिली. आठवडाभरात ती बाई उठून बाजारात खरेदीला गेली. दोनच वर्षांनी, 1950 साली, हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नोबेल मिळालं. नंतर हळूहळू ध्यानात आलं की हे औषध उपकारक आहे खरं, पण मोठ्या डोसात वर्षानुवर्षं घेतलं तर फार मोठी किंमत वसूल करतं.

1974 च्या दिवाळीनंतर काका तिला साताऱ्याला घेऊन गेले आणि तिच्या दोन्ही हातांचा एक्स-रे काढला. तो पाहून तिथले डॉक्टर म्हणाले, "आता करण्यासारखं काही राहिलं नाही. शेक घ्या." खाकी पाकिटातली ती फिल्म काकांनी ट्रंकेत, जमिनीच्या कागदांखाली ठेवली. ती तिथेच राहिली.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. कृष्णाबाईच्या उत्सवात घाटावर हळदीकुंकू असायचं. मोठी आई पायऱ्या उतरू शकत नव्हती, म्हणून वरच ओट्यावर बसायची. एका वर्षी एक नवी सून कुंकू लावायला तिच्यापाशी आली, तिनं हात पाहिले आणि करंडा जमिनीवर ठेवून मागे सरली. तिला तो महारोग वाटला. वाकडी बोटं म्हणजे महारोग, एवढंच तेव्हा पुष्कळांना माहीत. महारोगात बोटांची जाणीव जाते, चटका कळत नाही. आमवातात याच्या नेमकं उलट, वाऱ्यानं पदर लागला तरी कळ उठते. मोठी आई काही बोलली नाही. तिनं हात पदराखाली घेतले. त्यानंतर चारचौघांत तिचे हात मी पदराबाहेर पाहिले नाहीत. तो पदर ओढून घेण्याचा क्षण मला आजही सहन होत नाही.

2011 साली पुण्यात फळ्यावर लिहिताना माझ्या हातातून खडू पडला. मी शाळेत गणित शिकवत होते. आधी वाटलं, थकवा असेल. मग सकाळी बांगडी मनगटावरून पुढे सरकेना, अंगठी निघेना, गॅसचा लायटर दाबवेना. कुकरचं झाकण लावायला मी यजमानांना हाका मारायला लागले. तोंड धुताना ब्रश मुठीत धरायचा आणि नऊ वाजेपर्यंत बोटं आपली नाहीत असं समजून चालायचं. इतकी लक्षणं लहानपणी रोज पाहिली होती, तरी माझ्या बाबतीत ती मला ओळखू आली नाहीत. मोठी आई माझ्या रक्ताची नव्हती, काकांशी लग्न होऊन आलेली. त्यामुळे तिचा आजार मला होईल हे मनातही आलं नाही. या आजारात घराण्याचा थोडा हात असतो, पण माझ्या माहेरी रक्ताच्या नात्यात कुणालाच तो नव्हता.

ज्या दवाखान्यात पहिल्यांदा गेले तिथे ऐकलं, "पन्नाशी आली, पाळी जायचं वय, दुखणारच." एक इंजेक्शन मिळालं. तीन आठवडे मी पिसासारखी हलकी होते. पुन्हा दुखलं, पुन्हा इंजेक्शन. असे चार महिने गेले. मोठ्या आईच्या पुडीपासून मी किती जवळ उभी होते, हे आता लिहिताना कळतं.

माझ्या बहिणीची मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. ती दिवाळीत घरी आली होती. बोलता बोलता तिनं माझा हात हातात घेतला आणि बोटांच्या मुळाशी असलेले चारही सांधे दोन्ही बाजूंनी आवळले. मी किंचाळले. तिनं दुसरा हात घेतला, त्याचंही तेच. "मावशी, सकाळी बोटं किती वेळ ताठ असतात?" मी म्हटलं, "नऊ वाजतात." ती म्हणाली, "म्हणजे दोन-अडीच तास. झिजेच्या संधिवातात अर्ध्या तासात सुटतं गं सगळं. आणि झिजेत बोटांची टोकाची पेरं दुखतात. तुझी मुळाची आणि मधली सुजलीत. तू याच आठवड्यात सांधेविकारतज्ज्ञांकडे जायचं आहेस, मी नंबर लावते."

डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. रक्ताच्या दोन तपासण्या सांगितल्या, रुमॅटॉइड फॅक्टर आणि अँटी-सीसीपी. पहिली 1940 च्या सुमाराची, नॉर्वेतल्या एरिक वालर यांच्या कामातून आलेली. दुसरी 1998 च्या आसपासची, ती आजार चेहरा दाखवण्याआधीही सापडू शकते. दोन्ही पॉझिटिव्ह आल्या. त्याबरोबर हातांचा आणि पायांचा एक्स-रे. मी विचारलं, "दुखतायत हात, मग पायांचा कशाला?" त्या म्हणाल्या, "काकू, हाड खायला सुरुवात पुष्कळदा पायाच्या करंगळीच्या मुळाशी होते. तिथे दुखत नसतानाही." माझ्या डाव्या पायाच्या करंगळीच्या हाडाला खरंच एक बारीक खाच होती. उंदरानं बिस्किटाचा कोपरा कुरतडावा तशी. त्या चार महिन्यांची ती निशाणी आजही तिथेच आहे. ती भरून येत नाही.

पुढच्या वेळी मी वाईहून ट्रंकेतली फिल्म मागवून घेतली आणि त्यांच्यापुढे ठेवली. सदतीस वर्षं जुनी, कडेनं पिवळी पडलेली. त्यांनी ती उजेडाच्या पेटीवर लावली, शेजारी माझी लावली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पेन घेऊन एकेक जागा दाखवत गेल्या. त्या अर्ध्या तासात मला मोठ्या आईचे हात पहिल्यांदा समजले.

त्यांनी सांगितलेलं मला समजलं ते असं. सांध्याला आतून एक अस्तर असतं, उशीच्या अभ्र्यासारखं, पेशींच्या दोन-तीन थरांचं, अगदी तलम. ते अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा बुळबुळीत द्रव करतं आणि त्यावर सांधा घसरतो. हाडाच्या टोकाला गुळगुळीत कूर्चा असते. आमवातात शरीराची राखण करणाऱ्या पेशी आपल्याच सांध्याच्या या अस्तराला परकं समजतात. अस्तर सुजतं, जाड होतं, त्यात नव्या रक्तवाहिन्या येतात आणि ते कूर्चेवर चढायला लागतं. त्या हे सांगत होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढे कृष्णेचा घाट आला. घाटाचा दगड किती भक्कम, पण दोन दगडांच्या फटीत पिंपळाचं मूळ शिरलं की हळूहळू दगड उचकटतो. सांध्यातही तसंच. कूर्चा जिथे संपते आणि अस्तर जिथे सुरू होतं, त्या कडेला हाडाचा एक उघडा पट्टा असतो. त्याच्यावर पांघरूण नसतं. वाढलेलं अस्तर पहिल्यांदा तिथेच शिरतं. फिल्मवरची खाच तिथेच दिसते.

मला सगळ्यांत नवल वाटलं ते हाड खाणाऱ्या पेशींचं. त्या बाहेरून आलेल्या नसतात, आपल्या प्रत्येकाच्या हाडात असतात. जुनं हाड काढणं हे त्यांचं रोजचं काम आणि नवं हाड बांधणाऱ्या पेशी त्यांच्यामागून येतात. सूज या खाणाऱ्यांना चेतवते आणि बांधणाऱ्यांना थोपवते. घरातलीच माणसं घर उसवायला लागतात.

मग वाकडेपणा. तो हाडामुळे कमी आणि दोरांमुळे जास्त. बोट सरळ करणाऱ्या कंडरा हाताच्या पाठीवरून, बोटाच्या मुळाच्या उंचवट्यावरून जातात. सूज वर्षानुवर्षं राहिली की त्यांना जागेवर धरणारे बंध सैल पडतात आणि कंडरा उंचवट्यावरून दोन बोटांमधल्या दरीत घसरते, करंगळीच्या बाजूला. त्यानंतर बोट सरळ करायला दोर ओढला की बोट सरळ होण्याऐवजी तिरकं होतं. कपडे पिळणं, बरणीचं झाकण फिरवणं, हंडा उचलणं, प्रत्येक ओढीबरोबर आणखी थोडं. मोठी आई विहिरीचं पाणी शेंदायची, नऊवारी लुगडी पिळायची. मधलं पेर उलटं वाकून बोटाचं टोक खाली जातं त्याला डॉक्टर हंसाची मान म्हणतात. कंडरा मधोमध फाटून पेर तिच्यातून वर येतं, काजातून गुंडी यावी तसं, तो दुसरा प्रकार. मोठ्या आईच्या हातात दोन्ही होते.

मनगटापाशी आल्यावर डॉक्टर थांबल्या. मनगटात आठ बारकी हाडं असतात. माझ्या फिल्मवर ती वेगवेगळी मोजता येत होती, नदीतल्या गोट्यांसारखी. मोठ्या आईच्या फिल्मवर मोजायला काही नव्हतं. सगळं मिळून एक पांढरा ठोकळा. त्यांनी विचारलं, "यांचं मनगट शेवटी शेवटी दुखायचं थांबलं होतं का?"

थांबलं होतं. तेच तर आम्हाला सगळ्यांत चांगलं वाटलं होतं. 1972-73 च्या सुमाराला मोठी आई म्हणाली, आता मनगट दुखत नाही. आजी म्हणाली, कुलदैवत पावलं. काकांनी सत्यनारायण घातला. आजार उतरला असंच घरानं मानलं. दुखणं थांबलं होतं याचं कारण दुखायला तिथे सांधाच उरला नव्हता. हाडं एकमेकांना चिकटून गेली होती.

इतकी वर्षं आमचं घर आणि आमच्यासारखी हजारो घरं दुखण्याशी लढत राहिली. दुखणं आणि मोडणं या दोन गोष्टी आहेत, हे कुणाला ठाऊक नव्हतं. शेकानं दुखणं कमी होतं. ॲस्प्रिननं, इंजेक्शननं, वेदनाशामक गोळीनं दुखणं कमी होतं. मोडणं चालूच राहतं, कारण ते सुजेमुळे चालतं, आणि सूज कायम आटोक्यात ठेवणारं औषध वेगळं असतं. त्यातून सुरुवातीच्या दोन वर्षांतच हाडावरच्या खाचा मोठ्या प्रमाणात पडतात. ज्या काळात माणूस "बघू, सहन होतंय" म्हणत असतं, नेमका तोच काळ.

मला आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू झाली, मेथोट्रेक्सेट. दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड. ही गोळी रोज घ्यायची नसते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून आमच्या कॅलेंडरवर शनिवारावर लाल खूण असते आणि यजमान रात्री विचारतात. ठरावीक महिन्यांनी रक्ताची आणि यकृताची तपासणी. पहिले दीड-दोन महिने काहीच फरक वाटला नाही. हे औषध सावकाश चढतं. मग एके दिवशी सकाळी सहाला उठले आणि चहा गाळून झाल्यावर ध्यानात आलं की मी बोटांचा विचारच केला नव्हता.

या गोळीची गोष्ट मी शोधून वाचली, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. तिच्यामागे येल्लाप्रगडा सुब्बाराव हे आपल्या आंध्रातल्या भीमावरमचे शास्त्रज्ञ होते. अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेत त्यांच्या हाताखालच्या चमूनं 1940 च्या दशकात ॲमिनोप्टेरिन आणि पाठोपाठ मेथोट्रेक्सेट तयार केलं, ते रक्ताच्या कर्करोगासाठी. सुब्बाराव 1948 साली गेले. 1951 साली अमेरिकेतल्या एका डॉक्टरांनी ॲमिनोप्टेरिन थोड्या प्रमाणात आमवाताच्या रुग्णांना देऊन पाहिलं, गुणही आला. पण तेव्हा सगळ्यांचे डोळे कॉर्टिसोनवर होते. ती वाट तशीच पडून राहिली. पुन्हा रीतसर चाचण्या व्हायला 1980 चं दशक उजाडलं आणि अमेरिकेत या आजारासाठी औषधाला मान्यता मिळाली ती 1988 साली. मोठी आई 1987 च्या श्रावणात गेली.

तिच्या हाताला पहिली सूज आली तेव्हा हे औषध जगात होतं. आपल्याच देशातल्या माणसाच्या हातून आलेलं होतं. तिच्यापर्यंत पोचलं नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. लंडनमध्ये लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी 1992 साली सूज पेटवणाऱ्या टीएनएफ नावाच्या एकाच रेणूला अडवून पाहिलं, आणि 1998 पासून तशी इंजेक्शनं बाजारात आली. आज ती भारतातही बनतात, पूर्वीच्या मानानं स्वस्त, पण सामान्य घराला अजूनही महागच. ती सुरू करण्याआधी शरीरात दबून बसलेला क्षय आहे का, हे तपासावं लागतं. आपल्याकडे ही काळजी फार महत्त्वाची. मला त्यांची गरज पडली नाही. पुष्कळांना पडत नाही, औषध वेळेवर सुरू झालं तर.

सारं तेव्हाचं वाईट आणि आताचं चांगलं, असं मात्र मी लिहिणार नाही. मोठ्या आईजवळ औषध नव्हतं, पण हात पुष्कळ होते. माझी आई रोज तिची वेणी घालायची. माझ्या वडिलांनी तिच्या चमच्याच्या दांड्याला सुताराकडून जाड लाकूड बसवून घेतलं होतं. "वहिनी, तुम्ही तुमच्या हातानं जेवा," एवढंच म्हणून त्यांनी तो चमचा ताटात ठेवला होता. दाराच्या कडीला सुतळीचा फास बांधलेला होता, त्यात मनगट घालून तिला दार ओढता यायचं. नळाच्या तोटीला लांब काठी लावलेली. ही सगळी साधनं आता फिजिओथेरपीच्या पुस्तकात चित्रांसकट असतात: जाड मुठीचे चमचे, लांब दांड्याची तोटी, झाकण बोटांनी नको तर तळव्यानं उघडा, वजन बोटांवर नको तर कोपरावर घ्या. आमच्या घरात ती कुणी शिकवली नव्हती. एका बाईकडे रोज पाहत असल्यामुळे सुचली होती. आज मी दोन खोल्यांच्या घरात शनिवारची गोळी घेते आणि शेजारच्या फ्लॅटमध्ये कुणाला ठाऊकही नाही. पहाटे माझ्या घंगाळाभोवती घुटमळणारं कुणी नाही. घंगाळाची गरजच राहिली नाही, ही कृतज्ञतेची गोष्ट आहे. तरी ते घुटमळणं मला हवं असतं.

आणि तेव्हाचं बरंच काही अजून जसंच्या तसं आहे. पुडी गेलेली नाही. आता ती डबीतून येते, "शंभर टक्के आयुर्वेदिक" असं छापून, मोबाइलवरच्या निरोपातून. तिसऱ्या दिवशी जिना चढता येत असेल आणि महिन्यात गाल वर येत असतील, तर आयुर्वेदाचं नाव लावलेल्या त्या डबीत काय आहे हे कुणीतरी विचारायला हवं. खरे वैद्यही तेच सांगतील.

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. आमवात दोनशे माणसांमागे साधारण एकाला आढळला. म्हणजे प्रत्येक मोठ्या गावात, प्रत्येक चाळीत, प्रत्येक शाळेच्या शिक्षकखोलीत नाही तर तिच्या शेजारच्या गल्लीत एक मोठी आई आहे. पुरुषांपेक्षा बायका दुपटी-तिपटीनं. आणि बाई आपलं दुखणं सगळ्यांच्या शेवटी सांगते, यात पन्नास वर्षांत मला फरक दिसलेला नाही.

गेल्या श्रावणात मी वाईच्या घरी गेले. भाच्याच्या बायकोनं विचारलं, "आत्या, तुम्हाला फुलवाती येतात का वळायला?" मला येत नव्हत्या, मोठी आई शिकवू शकली नव्हती. मोबाइलवर बघून आम्ही दोघी शिकलो. पडवीत, त्याच पाटावर बसून मी एकशे आठ वाती वळल्या. अंगठा आणि तर्जनी फिरत होती. करंगळी सरळ होती.

वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे. घरात कुणाची बोटं सकाळी तासाभराहून अधिक वेळ ताठ राहत असतील, दोन्ही हातांची बोटं मुळाशी सुजत असतील, हात हातात घेतला तरी कळ येत असेल, तर तिला शेकाचं पाणी जरूर द्या, पण सूज येऊन सहा आठवडे व्हायच्या आत सांधेविकारतज्ज्ञांकडे घेऊन जा. गावात नसतील तर जिल्ह्याला जा. औषध पहिल्या तीन महिन्यांत सुरू व्हायला हवं. आणि एक्स-रे काढताना हातांबरोबर पायांचाही काढायला सांगा.